साठीनंतर जमिनीवरून उठण्याची कृती

दीर्घायुष्याच्या गप्पा आपल्याकडे ताटापासून सुरू होतात. कुणी मेथीदाण्याचं पाणी पितं, कुणी भिजवलेले बदाम मोजून खातं, कुणाचा च्यवनप्राशाच्या बरणीवर भरवसा असतो. पण सत्तरीतल्या माणसाचा दिवस नेमका कुठे अडतो ते बघा. संडासात उठताना अडतो. एसटीच्या पहिल्या पायरीशी अडतो. सत्यनारायणाला मांडी घालून बसलं आणि आरतीला उभं राहायची वेळ आली की अडतो. या तिन्ही ठिकाणी बदामांचा उपयोग नसतो. कामाला येतात त्या मांड्या.

म्हणून ही कृती पायांपासून सुरू होते आणि खाणं, औषधं, झोप, माणसं या बाकीच्या गोष्टी पायांच्या सोयीने लावते. साठीच्या आसपासच्या, बऱ्यापैकी हिंडत्या-फिरत्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहे. पन्नाशीत सुरू केली तर उत्तमच, पण ऐंशीला केली तरी वेळ गेलेली नसते. १९९० मध्ये बॉस्टनच्या एका शुश्रूषागृहात मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे मांड्यांचा वजनी व्यायाम करून घेतला. जे शेवटपर्यंत टिकले त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दहाच माणसं होती, हे खरं. तरी नव्वदीतला स्नायूसुद्धा कामाला लावला की वाढतो, एवढं त्यातून दिसलं आणि नंतरच्या कामांतही तेच दिसत राहिलं.

दुसरा दाखला ब्राझीलचा. रिओ द जानेरोच्या डॉ. क्लॉडिओ गिल आराउजो यांनी ५१ ते ८० वर्षांच्या दोन हजार लोकांना जमिनीवर बसून पुन्हा उठायला सांगितलं. बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच. हात, कोपर, गुडघा जे टेकाल त्याचा प्रत्येकी एक गुण वजा. तोल गेला तर अर्धा वजा. पुढच्या सहा-सात वर्षांत सर्वांत कमी गुणवाल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण चांगल्या गुणवाल्यांच्या पाच-सहा पट निघालं. याचा अर्थ हात टेकला म्हणजे आयुष्य सरलं, असा घेऊ नका. ज्याला आतून काही आजार पोखरतोय त्याचेही पाय आधी कमजोर होतात, त्यामुळे कारण कुठलं आणि खूण कुठली हे अशा पाहणीतून पुरतं सुटत नाही. पण रोज बघता येणारी आणि फुकटात सुधारता येणारी अशी दुसरी खूण मला तरी माहीत नाही.

साहित्य

हात नसलेली, न घसरणारी, लाकडी किंवा लोखंडी खुर्ची; बैठक जमिनीपासून साधारण १७ इंच. प्लास्टिकची नको, ती मागे सरकते. खुर्चीमागे भिंत हवी. एक सतरंजी किंवा जाड चटई. स्वयंपाकघराचा ओटा. सेकंद दाखवणारं घड्याळ. एक वही. दंडाला पट्टा बांधायचं रक्तदाबाचं यंत्र असलं तर छान. मनगटावरची यंत्रं बऱ्याचदा चुकीचा आकडा देतात, ती टाळा.

आधी हे वाचा

गुडघ्याचा किंवा खुब्याचा सांधा बदललेला असेल, नुकतंच हाड मोडलं असेल, हाडं फार ठिसूळ झाल्याचं निदान असेल, चालताना छातीत दडपण येत असेल किंवा वारंवार चक्कर येत असेल, तर जमिनीवरचे प्रकार तुमच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय करू नका. खुर्चीचा भाग बहुतेकांना चालतो, तरी विचारूनच. गुडघेदुखी असलेल्यांना एक सांगायला हवं. ‘गुडघे झिजलेत, आता जपा’ या सल्ल्यामुळे कित्येक जण हालचालच सोडतात. मग मांडीचा स्नायू सुकतो आणि गुडघ्यावरचा भार उलट वाढतो. वेदना सोसण्याइतकी असेल आणि दुसऱ्या दिवशी वाढत नसेल, तर व्यायाम थांबवायचा नसतो.

पहिली पायरी : आज आपण कुठे आहोत

खुर्चीवर मधोमध बसा. पावलं सपाट टेकलेली, दोन्ही हात छातीवर फुलीसारखे. कुणाला तरी घड्याळ लावायला सांगा आणि तीस सेकंदांत पूर्ण उभं राहून पुन्हा बसणं किती वेळा होतं ते मोजा. हात टेकून उठावं लागलं तर मोजणी शून्य धरायची. शून्य आलं तरी लिहून ठेवा, सुरुवात तिथून.

पडण्याचा धोका ओळखण्यासाठी अमेरिकेत वापरतात ते आकडे असे : साठ ते चौसष्ट वयात पुरुषांना किमान १४ आणि स्त्रियांना १२, पासष्ट ते एकोणसत्तर वयात १२ आणि ११, सत्तरीच्या पहिल्या पाच वर्षांत १२ आणि १०, पंचाहत्तरनंतर ११ आणि १०, ऐंशी ते चौऱ्याऐंशी वयात १० आणि ९. यापेक्षा कमी म्हणजे सरासरीखाली. हे आकडे तिकडच्या लोकांचे आहेत, आपली उंची-बांधा वेगळा; तेव्हा त्यांच्याशी स्पर्धा करण्यापेक्षा स्वतःच्या मागच्या आकड्याशी केलेली बरी.

मग ओट्याशी उभे राहा. एक पाऊल जमिनीपासून उचला, हात ओट्याच्या वर नुसते तयार ठेवा आणि दहा सेकंद उभं राहता येतं का बघा. आराउजो यांच्याच गटाने २०२२ मध्ये ५१ ते ७५ वर्षांच्या १७०२ लोकांची ही चाचणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या पाचातल्या एकाला दहा सेकंद जमले नाहीत आणि पुढच्या काही वर्षांत त्या गटातले मृत्यू अधिक होते. हाही आकडा वहीत.

दुसरी पायरी : खुर्चीवरच्या बैठका

तालमीत पैलवान जोर-बैठका काढतात, त्यांतल्या बैठकेचं हे घरगुती रूप. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा गावोगाव प्रसार केला तेव्हापासून आपल्याकडे व्यायाम म्हणजे नमस्कार असं समीकरण झालंय. ज्यांचे नमस्कार चालू आहेत त्यांनी ते जरूर चालू ठेवावेत. पण साठीनंतर नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी आधी बैठकाच सांगेन, कारण नमस्कारात मनगट, खांदा, कंबर असं सगळं एकदम लागतं आणि पहिल्याच आठवड्यात काहीतरी दुखून उत्साह मावळतो.

खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागात या. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, खांद्यांएवढ्या अंतरावर. नाक पायांच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुका, टाचांवर जोर द्या आणि उठा. पूर्ण ताठ व्हा, क्षणभर थांबा. खरी मेख आता खाली बसण्यात आहे. मनातल्या मनात नव्हे, तोंडाने मोठ्याने ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणत सावकाश बसा. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया गेला. मोठ्याने मोजण्याचा आणखी एक फायदा म्हणजे श्वास कोंडला जात नाही. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब झर्रकन वर जातो.

आठ वेळा करा, दोन मिनिटं बसा, पुन्हा आठ. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. सुरुवातीला हात मांड्यांवर दाबून उठलात तरी चालेल. मग हात छातीवर. ते सोपं झालं की दोन्ही हातांत मिळून एक किलो डाळीचं पाकीट धरा, नंतर दोन किलो. वाढवत राहणं महत्त्वाचं आहे. वर्षभर त्याच आठ बैठका त्याच सहजतेने करणाऱ्याचे पाय आहेत तिथेच राहतात. शेवटच्या दोन बैठकांना ‘आता पुरे’ असं वाटलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर ते ठीक. सांध्यात कळ, छातीत दडपण, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काही झालं तर ताबडतोब थांबा आणि डॉक्टरांकडे जा.

चहा उकळेपर्यंत ओट्याला धरून टाचा वर उचला, दहा-बारा वेळा. दूध तापेपर्यंत एका पायावर उभे राहा, मग दुसऱ्या. बोटांचा आधार हळूहळू कमी करा : आधी दोन्ही हात, मग एक हात, मग एकच बोट. पॅसेजमध्ये भिंतीच्या कडेने टाच-बोट, टाच-बोट असं सरळ रेषेत चालायचं. पासष्टीपुढच्यांनी तोलाचे असे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. मैदानात जाऊन ते करायला हवेत असं नाही. ओट्यापाशी उलट हात धरायची सोय असते.

तिसरी पायरी : जमिनीवर जाणं आणि परत येणं

आपल्या आज्या दिवसभरात कितीतरी वेळा खाली बसायच्या आणि उठायच्या. भाजी चिरायला विळीवर, निवडायला सुपापाशी, जेवायला पाटावर, धुणं धुवायला मोरीत. तो व्यायाम आहे असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यातल्या कष्टांचं कौतुक करण्याचं मला कारणही दिसत नाही. पण ओटा आला, डायनिंग टेबल आलं, कमोड आला, आणि जमिनीशी आपला संबंध संपला. गुडघ्यांना आराम मिळाला ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र जी हालचाल वर्षानुवर्षं केलीच नाही, ती सत्तरीत पडल्यावर अचानक जमत नाही.

म्हणून शिकायचं असं. सतरंजी दिवाणाशेजारी किंवा जड खुर्चीशेजारी अंथरा. पहिले काही दिवस घरात कुणीतरी असताना करा. एक हात खुर्चीच्या बैठकीवर, एक पाय मागे, मागचा गुडघा हळूच सतरंजीवर टेकवा, मग दुसरा. आता दोन्ही गुडघ्यांवर उभे आहात. एक हात जमिनीवर टेकवून एका कुशीकडे बसा आणि पाय पुढे घ्या. झालं बसणं.

उठताना हाच क्रम उलटा. एका बाजूला वळा, दोन्ही हात टेका, गुडघ्यांवर या. हात खुर्चीवर. ज्या पायात जास्त जोर आहे ते पाऊल पुढे, सपाट. पुढे झुका, हात आणि पाऊल दोन्हींनी रेटा, उभे राहा. लगेच चालायला लागू नका. चार-पाच श्वास तिथेच थांबा.

दिवसातून दोनदा पुरे. व्यायाम म्हणून नको असेल तर एखादं काम जमिनीला जोडून टाका. पेपर सतरंजीवर बसून वाचा. मेथी निवडायला खाली बसा. रात्रीचं जेवण आठवड्यातून एकदा पंगतीसारखं खाली मांडा. नातवंडांना गंमत वाटेल. आधी खुर्चीच्या आधाराने, मग फक्त स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून, आणि ज्यांना जमेल त्यांनी हात न टेकता. ज्यांना नाही जमणार त्यांनी हात टेकून उठावं. ब्राझीलचे गुण इथे कुणी मोजत नाही.

चौथी पायरी : पडलात तर

हा सराव बहुतेक कुणी करत नाही आणि सगळ्यांत जास्त तोच लागतो. माणूस पडतो, हाड मोडलेलं नसतं, पण उठता येत नाही म्हणून गार फरशीवर तासन्‌तास पडून राहतो. मग अंगातलं पाणी कमी होतं, स्नायूंची नासाडी होते, आणि पुढे पडण्याची भीती अशी बसते की चालणंच कमी होतं.

पडल्यावर पहिली गोष्ट म्हणजे उठायची घाई न करणं. थांबा, श्वास घ्या, हात-पाय एकेक हलवून बघा. खुब्यात किंवा मांडीच्या वरच्या भागात तीव्र कळ आहे, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतोय, डोक्याला जोराचा मार लागलाय, मान दुखतेय, यांपैकी काही असेल तर हलू नका. हाक मारा, दार किंवा भांडं वाजवा, हाताला लागेल ते पांघरूण ओढून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्याने डोक्याला मार लागल्यावर बरं वाटत असलं तरी दवाखाना गाठायचा.

काही लागलेलं नसेल तर कुशीवर वळा, कोपरावर या, मग हात-गुडघ्यांवर. रांगत जवळच्या खुर्चीपर्यंत किंवा पलंगापर्यंत जा आणि तिसऱ्या पायरीतला क्रम वापरा. उभं राहून लगेच चालायचं नाही, वळून आधी बसायचं. हे रांगणं सतरंजीवर महिन्यातून एकदा खरोखर करून बघा. घरचे हसतील, त्यांनाही करायला लावा.

पडू नये म्हणून घरात करायची कामं थोडी आहेत आणि एका रविवारात उरकतात. बाथरूमच्या दारातलं गुंडाळी होणारं पायपुसणं काढा, तळाला रबर असलेलं आणा. कमोडशेजारी आणि नळाजवळ भिंतीत पक्का दांडा बसवा; टॉवेलचा रॉड आधाराला धरलात तर तो हातात येतो. पलंगापासून संडासापर्यंत रात्री मंद दिवा. उंबरठ्याच्या कडेला उजळ रंगाची पट्टी. घरातली घासून गुळगुळीत झालेली सपात आजच फेकून द्या, ती कितीही आवडती असो. जिना उतरताना खाली वाचायचा भाग असलेला चष्मा पायरी पुसट दाखवतो. हनुवटी खाली घेऊन वरच्या काचेतून बघा किंवा चालण्यासाठी साधा चष्मा वेगळा करा. मोतीबिंदू ‘पिकू द्या’ ही जुनी समजूत आता लागू नाही. दिसण्यात अडचण येऊ लागली की शस्त्रक्रियेचं विचारायचं.

पाचवी पायरी : पायांना खायला घालणं

बैठका काढल्या आणि चहा-खारीवर दिवस काढला तर स्नायू वाढणार कशाने? म्हाताऱ्या शरीराला तेवढ्याच स्नायूसाठी तरुणापेक्षा जरा जास्तच प्रथिनं लागतात. वजनाच्या दर किलोला साधारण एक ग्रॅम, शक्य तर थोडी वर, हा हिशेब धरा. साठ किलोच्या माणसाला ६० ते ७० ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हा हिशेब डॉक्टरांनीच ठरवायचा.

शाकाहारी मराठी घरात हे कसं बसतं ते बघू. सकाळी पोह्यांऐवजी वाटीभर मोड आलेल्या मटकीची उसळ, सुमारे ८ ग्रॅम. सोबत पेलाभर दूध, सहा-साडेसहा. पोहेच हवेत तर त्यात मूठभर शेंगदाणे आणि बाजूला दह्याची वाटी. दुपारी दोन भाकऱ्या १०, घट्ट वरण ६, दही ५. चार वाजता फुटाणे किंवा शेंगदाणे, मूठभर, ७. रात्री दोन पोळ्या आणि पिठलं मिळून १२, त्यात पन्नास ग्रॅम पनीर घातलं की आणखी ९. बेरीज साठीपलीकडे जाते. अंडी खाणाऱ्याला एका अंड्याला ६ ग्रॅम मिळतात, आणि कोकणातल्या घरात बांगड्याचा एक तुकडा पुष्कळसं काम करतो.

वरण घट्ट, हे मुद्दाम लिहिलंय. पातळ आमटीच्या वाटीत डाळ किती असते हे आमटी करणाऱ्यालाच ठाऊक. उपवासाचंही तसंच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीत जे काही बरं असतं ते शेंगदाण्याच्या कुटाचं. एकादशीला राजगिरा, दूध, दही, दाणे यांवर भर द्या. चातुर्मासात एकवेळ जेवणाऱ्यांनी ते एक जेवण तरी पूर्ण घ्यावं. आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या बायकांनी साठीनंतर तरी आपलं ताट आधी वाढून बाजूला ठेवावं. घरात बी-१२ आणि डी जीवनसत्त्वांची तपासणी एकदा कराच. शाकाहारी माणसात बी-१२ कमी असणं सर्रास आहे, मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेतल्यानेही ते उतरतं, आणि ते उतरलं की पायाला मुंग्या येतात, तोल बिघडतो. मग बैठका किती का काढा.

दात नसल्यामुळे भाकरी, दाणे, मांस सुटतं हे लक्षात येत नाही. माणूस दूध-भातावर येतो. कवळी बनवून डब्यात ठेवलेली असेल तर दंतवैद्याकडून नीट बसवून घ्या. दिवसभराचं मीठ एक चहाचा चमचा, पाच ग्रॅम, त्यात पापड-लोणचंही धरून. तंबाखू आणि मिश्री यांबद्दल लांबण लावण्यात अर्थ नाही : मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, दातांच्या नावाखाली घेतली तरी. सोडा.

सहावी पायरी : चालणं

दिवसाला दहा हजार पावलं हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये ‘मानपो-केई’ नावाचं पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्या नावातच दहा हजार पावलं होती. २०२२ मध्ये अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र केल्या तेव्हा साठीपुढच्यांमध्ये सहा ते आठ हजार पावलांच्या पुढे मृत्यूचा धोका फारसा घटताना दिसला नाही. तेव्हा सहा हजार झाली की घरी या. तीन हजार होत असतील तर चार करा. सर्वांत मोठा फायदा तळाशी असलेल्यालाच होतो. जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटं चालणं मधुमेहींना विशेष उपयोगी, कारण साखर चढण्याची वेळ तीच असते.

महर्षी कर्वे हिंगण्याहून फर्ग्युसन महाविद्यालयापर्यंत पायी ये-जा करत आणि १०४ वर्षं जगले, हे उदाहरण या प्रसंगी हमखास निघतं. एका माणसाच्या आयुष्यावरून काही सिद्ध होत नाही. त्या काळी तेवढंच चालणारे असंख्य लोक चाळिशीत प्लेगाने गेले. पण कर्व्यांच्या चालण्यामागे काहीतरी काम होतं, हा भाग मला उचलण्याजोगा वाटतो. बागेत गोल फेऱ्या मारण्याचा कंटाळा येतो, दूध आणायचा येत नाही.

सातवी पायरी : घरच्यांशी करार

“आई, तुम्ही बसा हो, मी करते.” “बाबा, ती पिशवी द्या बघू इकडे.” हे प्रेमच असतं आणि ते नाकारणं अवघड जातं. पण दिवसातून वीस वेळा असं झालं की वीस वेळचं उठणं गेलं. त्यात सासू-सासऱ्यांना काम करू दिलं तर लोक काय म्हणतील, हा सुनेच्या डोक्यावरचा ताण वेगळाच. म्हणून सरळ बोलून ठरवा की अमुक कामं आमची. कपडे वाळत घालणं, झाडांना पाणी, भाजी आणणं, वरच्या फडताळातले डबे काढणं (स्टुलावर चढून मात्र नाही). पिशवी दोन्ही हातांत सारखी वाटून घ्या, पकडही टिकते. तब्येत बरी नसेल त्या दिवशी काम घरच्यांचं, असंही करारात असू द्या.

आजारपणात हा करार सर्वांत जास्त मोडतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांना दहा दिवस पलंगावर झोपवून ठेवलं, तर पायांतला जवळपास एक किलो स्नायू गेला. डेंग्यू, चिकुनगुन्या किंवा रुग्णालयातला आठवडा यानंतर ‘अशक्तपणा’ म्हणून जो रेंगाळतो त्यात हा गेलेला किलो असतो. डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर ताप उतरल्यावर लगेच पलंगाच्या कडेवर बसणं, मग खुर्चीपर्यंत, मग दारापर्यंत. आणि पेजेच्या जोडीला अंडं किंवा डाळ.

आठवी पायरी : यंत्र आणि गोळ्या

रक्तदाब मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, दंड छातीच्या पातळीत. मोजताना बोलायचं नाही. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. घरी सातत्याने १३५/८५ च्या वर येत असेल तर डॉक्टरांना वही दाखवा. मग उभे राहा आणि एका मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा अधिकने पडला तर सकाळी उठताना चक्कर का येते याचा उलगडा होतो. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, आकडे घेऊन डॉक्टरांकडे जायचं.

जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला : हृदयाच्या डॉक्टरांच्या, हाडांच्या डॉक्टरांच्या, होमिओपॅथीच्या, शेजारच्या काकूंनी दिलेल्या, मेडिकलमधून आणलेल्या अंगदुखीच्या. झोपेच्या गोळ्यांनी आणि सर्दीच्या काही गोळ्यांनी तोल जातो. अंगदुखीच्या गोळ्या रोज घेतल्या तर मूत्रपिंडाला त्रास होतो आणि रक्तदाब वाढतो. पिशवी टेबलावर उपडी करा आणि “यातलं काय कमी करता येईल?” असं विचारा. इन्फ्लुएन्झा आणि न्यूमोनियाच्या लशींचंही त्याच भेटीत विचारून घ्या.

नववी पायरी : कुणीतरी वाट बघत असावं

बैठका एकट्याने दोन महिने चालतात, मग सुटतात. ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळ, सोसायटीतला कट्टा, काहीही चालेल. अट एकच, ठरलेल्या वेळी तुम्ही आला नाहीत तर कुणाचा तरी फोन यायला हवा. राज्याच्या एसटीत पासष्टीपुढे अर्धं तिकीट आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे. तो निव्वळ श्राद्ध-लग्नांसाठी राखून ठेवू नका.

कान तपासा. ऐकू येईनासं झालं की माणूस आधी फोन टाळतो, मग कट्टा, आणि घरचे म्हणतात हल्ली बाबा गप्प असतात. स्मृतिभ्रंशाबाबत लॅन्सेटच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली, त्यांत बहिरेपण आहे, अधू नजर आहे आणि एकटेपणही आहे. श्रवणयंत्राची लाज चष्म्याइतकीच बिनकामाची.

दहावी पायरी : वही उघडा

दर तीन महिन्यांनी, शक्यतो सकाळच्या त्याच वेळी, पहिल्या पायरीतल्या दोन्ही चाचण्या पुन्हा करा. आकडा वाढला तर डाळीचं पाकीट वाढवा. तेवढाच राहिला तरी वाईट नाही, कारण वय तीन महिन्यांनी वाढलेलंच असतं. दोन वेळा लागोपाठ उतरला तर ‘आता वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. नवी गोळी सुरू झाली का, वजन उतरलं का, भूक गेली का, मन लागत नाही का, हे वहीत लिहा आणि वही घेऊन डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, बी-१२, डी जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन, साखर या तपासण्यांबद्दल विचारा. यांतली बरीच कारणं औषधाने बरी होतात, आणि मग दुसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करता येते, मांड्यांवर हात ठेवून.